फोडणीवरचं घड्याळ

आमच्याकडे अमेरिकन घड्याळ होतं आणि ते स्वयंपाकघरात होतं. ही दोन्ही वाक्यं मी पूर्वी कधी एकत्र उच्चारत नसे. कॉलेजात पहिलं सांगायचे आणि दुसरं गिळायचे. आता दोन्ही सारख्याच अभिमानाने लिहिते आहे.

गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला पूनम सागरमध्ये राहायला आलो. बाबांच्या छापखान्यातले बरेचजण तेव्हा इकडे येत होते. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक झोपायची खोली आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर. तिथे दोघं उभी राहिली तर तिसऱ्याने पाणी मागायचं नाही, असा आईचा नियम होता. सामान लागल्यावर घड्याळ कुठे ठेवायचं याची चर्चा झाली. आई म्हणाली, टीव्हीच्या वर. मी म्हणाले, टीव्हीच्या वर. बाबा सुताराला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेले आणि शेगडीच्या बाजूला, फ्रिजच्या वर, एक जाड फळी ठोकून घेतली.

"अहो, तिथे फोडणी उडते," आई म्हणाली.

"उडू दे. ते त्याच्यासाठीच बनवलंय."

बाबांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ते छापखान्यात कंपोझिटर होते, अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि छापलेल्या कागदावर त्यांचा देवाइतका विश्वास. घड्याळाच्या आत, पाठीमागच्या लाकडावर, बनवणाऱ्याने चिकटवलेला एक कागद होता. त्यातला नावाचा भाग कसरीने खाल्ला होता. उरली होती 'आणि कंपनी' एवढीच अक्षरं, खाली कनेक्टिकट आणि मँटल क्लॉक हे शब्द. बाबांनी छापखान्यातल्या प्रूफरीडरला मँटल म्हणजे काय ते विचारलं. तो म्हणाला, थंड देशांत भिंतीत शेकोटी असते, तिच्यावरची फळी. झालं. ज्याने हे केलं त्याने ते विस्तवावरच्या फळीसाठी केलं, आणि आपल्या घरात विस्तव एकाच ठिकाणी पेटतो.

त्या बनवणाऱ्याबद्दल बाबा फार आपुलकीने बोलत. जणू तो छापखान्यातच पलीकडच्या टेबलावर बसायचा. "बघ नीलू, संगमरवर वाटतो की नाही? लाकूड आहे. वरून काळं रोगण देऊन भट्टीत भाजलंय. का? गरिबाच्या घरातही दगडाच्या देवळासारखं घड्याळ असावं म्हणून. शेतकऱ्याला परवडलं पाहिजे, असा विचार करणारा माणूस." घड्याळाला दोन्ही बाजूंना तोंडात कडी धरलेले पितळी सिंह होते, समोर बारीक खांब होते, आणि आत गुंडाळलेल्या तारेवर हातोडी पडायची तेव्हा मोठ्या घंगाळात कुणी हलकेच वाटी टेकवावी असा आवाज व्हायचा. तासाला तेवढे ठोके, अर्ध्या तासाला एक. आईची कुकरची शिट्टी आणि तो ठोका एकाच वेळी आले की बाबा पेपरातून मान वर करून हसायचे.

घड्याळ मूळ माझ्या आजोबांचं, म्हणजे अण्णांचं. अण्णा फोर्टातल्या एका पेढीत होते. ती बंद झाली तेव्हा मालकाने जाताना हे घड्याळ त्यांच्या हाती दिलं. अण्णांचे दोन नियम होते. काटे मागे फिरवायचे नाहीत, आणि दसऱ्याला झेंडूचं फूल वाहून विझलेल्या उदबत्तीच्या काडीने चाकांच्या टोकांना खोबरेल तेलाचा एकेक थेंब द्यायचा. बाहेरचं तेल कशाचं असेल सांगता येत नाही आणि घड्याळ देवांच्या समईशेजारी असायचं, म्हणून खोबरेल. तिसरी गोष्ट त्यांनी आजारपणात सांगितली. दोन मुलगे आणि घड्याळ एक. ते म्हणाले, "ज्याच्याकडे चालेल, त्याच्याकडे राहील."

थोरले दादाकाका. बँकेत मोठे अधिकारी, दादरला प्रशस्त घर. अण्णांनंतर घड्याळ साहजिकच त्यांच्याकडे गेलं, हॉलमध्ये, खिडकीशेजारी, काचेच्या कपाटावर. पावसाळ्यात चाललं, दिवाळीत चाललं, आणि पौषात थांबलं. काकांनी ते टॅक्सीत घालून घड्याळजीकडे नेलं, तर दुकानात पोचेपर्यंत टिकटिक सुरू. घड्याळजी म्हणाला, "साहेब, चालतंय की." घरी आणलं, पहाटे पुन्हा बंद. पुढच्या पौषात तेच, त्याच्या पुढच्याही. शेवटी, आम्ही मीरा रोडला आलो त्याच सुमारास, काकांनी स्वतः होऊन ते बाबांना आणून दिलं, आणि आमच्या फळीवर ते एकदाही थांबलं नाही.

याचा अर्थ घरातल्या मोठ्यांनी काय लावला होता, ते मला हळूहळू कळलं. अण्णा शेवटच्या दुखण्यात होते तेव्हा काका बदलीच्या गावी होते. निरोप गेला. काकांनी ठरवलं, उद्याची मीटिंग आटोपून निघू. ते पोचले तेव्हा बाबा स्मशानातून परत आले होते. अण्णा गेले पौषातच. हे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण काकांनी आपल्या मनाशी हिशेब मांडून टाकला होता: अण्णा रागावलेत, म्हणून घड्याळ थांबतं.

दरवर्षी अण्णांचं श्राद्ध आमच्याकडे व्हायचं. काका-काकू सकाळी यायचे. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसे. वड्यांचं पीठ, तांदळाची खीर, अळूची भाजी, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी, कढी. शेगडीच्या दोन्ही चुली पहाटेपासून पेटलेल्या. हॉलमध्ये भटजी, आणि काकांचं लक्ष सगळा वेळ आत, पुढच्या ठोक्याकडे. ठोका पडला की ते बाबांना म्हणायचे, "तुझा हात लागतो रे त्याला." बाबा सदरा खाली ओढून नीट करत. छापखान्यात संगणक आल्यावर त्यांना घरी बसवलं होतं, त्यानंतरच्या दिवसांत त्यांनी सदरा तसा नीट केलेला मी दुसऱ्या कशासाठी पाहिला नाही.

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रिणी दक्षिण मुंबईतल्या. त्यांना मी 'अँटिक अमेरिकन मँटल क्लॉक' हे शब्द इतक्या वेळा ऐकवले होते की एकदा त्या बघायलाच यायला निघाल्या. मी बाबांच्या मागे लागले, दोन दिवस हॉलमध्ये ठेवू या. बाबांना ते पसंत नव्हतं. "त्या येऊन गेल्या की परत जागेवर," एवढं म्हणून त्यांनी ते स्वतः उचलून टीव्हीशेजारी ठेवलं. मैत्रिणी आल्या, खांबांवरून बोटं फिरवली, एकीने विचारलं, "तेलकट का लागतंय?" मी म्हणाले, "जुनं पॉलिश असतं तसलं." त्या गेल्या तरी मी घड्याळ परत ठेवलं नाही. सोफ्यावर बसून ते बघायला छान वाटत होतं. श्राद्ध दोन दिवसांवर आलेलं.

मीरा रोडला थंडी पडते म्हटलं की दादरचे लोक हसतात. पण खाडीवरून वारा सुटला की पहाटे आमच्या हॉलमध्ये पाय गार पडायचे. श्राद्धाच्या सकाळी मी उठले, तर बाबा भाईंदरच्या बाजारात केळीची पानं आणि अळू आणायला गेलेले, आई आंघोळीला, आणि हॉलमध्ये कसलाच आवाज नाही. लंबक सरळ खाली लोंबत होता. मी काच उघडून त्याला बोटाने ढकललं. चार हेलकावे खाऊन तो पुन्हा थांबला. मला पहिली आठवण झाली ती 'ज्याच्याकडे चालेल' याची. दादाकाका दोन-तीन तासांत दारात येणार होते.

तेवढ्यात आई न्हाणीघरातून ओरडली, "नीलू, तेल थिजलंय गं, बाटली जरा गरम पाण्यात धर."

मी बाटली हातात घेतली. आत पांढरा शुभ्र गोळा. मी बाटलीकडे पाहिलं, मग हॉलकडे, आणि पुढचं काही कुणी सांगावं लागलं नाही. खोबरेल. दरवर्षी पौषात, खिडकीपाशी. टॅक्सीत उन्हाने सैल होणारं. आणि आमच्याकडे शेजारी शेगडी, खाली रात्रभर गरम राहणारी फ्रिजची जाळी. अण्णांच्या रागाचा यात काही संबंध नव्हता, बाबांच्या हाताचाही नव्हता. एक चूक अण्णांनी तेलाची केली होती, दुसरी बाबांनी फळीची, आणि दुसरीने पहिलीला इतकी वर्षं सांभाळून घेतलं होतं.

मी घड्याळ पोटाशी धरून आत नेलं, फळीवर ठेवलं आणि खिरीचं पातेलं त्या बाजूच्या चुलीवर चढवलं. आई ओल्या केसांनी आली, म्हणाली, "बरं केलंस, जागेवर ठेवलंस." थोड्या वेळाने लंबक ढकलला. तो चालत राहिला. काटे पुढे पुढे नेत, प्रत्येक तासाचे ठोके पूर्ण पडू देत मी वेळ लावली. बाबा पिशव्या घेऊन आले तोवर सगळं जिथल्या तिथे होतं.

काका आले, जेवायला बसले, आणि खीर वाढत असतानाच, आमच्या ठोक्यांवर आपली कामं लावणाऱ्या समोरच्या ज्योतीबेन प्रसादाची वाटी घेऊन आल्या. दारातूनच म्हणाल्या, "नीलू, आज सुबह तुम्हारा घंटा नहीं बजा? मेरा तो दूध उबल के गिर गया, मैं राह देखती बैठी."

काकांचा हात पानावर थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"बजा ना ज्योतीबेन," मी म्हणाले, "मिक्सर चालू था, आपने सुना नहीं होगा."

"सुबह सुबह मिक्सर?"

"वडे का पीठ."

"अच्छा," म्हणून त्या गेल्या. वड्यांचं पीठ गिरणीतून दळून येतं, हे आईला आणि काकूला ठाऊक होतं. दोघी पानांकडे बघत वाढत राहिल्या.

जेवणं झाल्यावर मी ओटा पुसत होते. काका आत आले. मी आहे हे त्यांच्या लक्षात आलं असेल की नाही, कोण जाणे. ते घड्याळासमोर उभे राहिले आणि हात जोडून हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, एक दिवस उशीर झाला हो. आता तरी सोडा." बँकेचा मोठा अधिकारी, सोन्याच्या फ्रेमचा चष्मा, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. काका, तेल थिजतं हो. मी ते बोलले नाही. हॉलमध्ये बाबा सदरा नीट करून बसले होते. बोलले असते तर घड्याळ गेलं असतं आणि 'तुझा हात लागतो' हा त्यांचा मानही. शिवाय, आज स्पष्ट लिहायचंच ठरवलं आहे तर, आपण बाबांना वाचवलं याचा मला गर्व वाटत होता.

वर्ष गेलं. पुढचा पौष जवळ आला तेव्हा काकांचा फोन आला. बोलून झाल्यावर बाबा चहाचा कप हातात धरून बसले. म्हणाले, "दादा येणार नाही म्हणतोय यंदा. म्हणतो, त्या घड्याळासमोर उभं राहवत नाही."

मग मी सांगितलं. बाटली, फळी, मिक्सर, आणि काका ओट्यापाशी काय म्हणाले ते, सगळं. बाबा रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "वर्षभर दादा तसाच राहिला?" मी मान हलवली. "बरं," म्हणाले, आणि दोन वाट्यांत खोबरेल घेऊन एक हॉलच्या खिडकीत ठेवली, एक फळीवर. छापलेलं नसलं तर तपासून बघायचं, ही त्यांची सवय. सकाळी खिडकीतली वाटी त्यांनी उलटी केली. थेंबही सांडला नाही. फळीवरचं तेल पाण्यासारखं हलत होतं. दोन्ही वाट्या हातात धरून ते आईपाशी आले. म्हणाले, "बनवणाऱ्याने सगळा विचार केला होता. आपण खोबरेल घालू, हे त्या बिचाऱ्याला कसं सुचावं?" आई हसली. ते हसले नाहीत.

त्याच दिवशी आम्ही टॅक्सी करून दादरला गेलो. घड्याळ गोधडीत गुंडाळून बाबांच्या मांडीवर, लंबक काढून माझ्या रुमालात. काकांनी दार उघडलं. बाबा चपला काढायच्या आधी बोलले. "दादा, अण्णा तुझ्यावर रागावले नव्हते. तेल थिजतं थंडीत. घड्याळ शेगडीपाशी ठेव, तुझ्याकडेही चालेल. हे तुझं."

काकांना समजायला वेळ लागला. बाबांनी पुन्हा सगळं सांगितलं, वाट्यांसकट. काका खुर्चीत बसले. चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावरून इतक्या वर्षांचं काहीतरी उतरताना मी पाहिलं. आणि मग त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

मी बाबांच्या मागे उभी होते. बोलायला तोंड उघडलं. बाबांनी न वळता हात मागे करून माझं मनगट धरलं.

"गेल्या वर्षी," बाबा म्हणाले. "श्राद्धाच्या दिवशी. मुद्दाम बोललो नाही. घड्याळ सोडवेना."

"घड्याळासाठी?" काका म्हणाले. "मी आत जाऊन हात जोडत होतो, आणि तू बाहेर बसून ऐकत होतास?"

"हो," बाबा म्हणाले.

काकूने चहा टाकला होता. तो आम्ही प्यायलो नाही. परतताना टॅक्सीत मी रडत होते. बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आमची भांडणं गोट्या खेळण्यापासूनची आहेत. त्याला सवय आहे माझ्यावर चिडायची. तुझ्यावर चिडला असता तर ते नवीन झालं असतं." मी म्हणाले, मी फोन करून खरं सांगते. "मला खोटं पाडायला?" त्यांनी विचारलं. मी फोन केला नाही. आज्ञा पाळली, असं पुढे मी स्वतःला सांगत राहिले. खरं म्हणजे मी सुटले होते आणि सुटलेल्या माणसाला परत जावंसं वाटत नाही.

काकांनी घड्याळ स्वयंपाकघरात ठेवलं. ते चाललं, अजून चालतं. श्राद्ध मात्र त्यानंतर दोन घरी वेगवेगळं होऊ लागलं. लग्नकार्यात भाऊ भेटायचे, पंगतीला शेजारी बसायचे, आणि भातावर तूप मागण्यापलीकडे बोलायचे नाहीत. फळी रिकामी राहिली. आईने तिथे पिठाचे डबे ठेवायचं सुचवलं. बाबा म्हणाले, "ठेव की." सदरा नीट करायची त्यांची सवय गेली, पण मान खाली गेली नाही. ज्योतीबेन मात्र कित्येक दिवस दुधाबद्दल कुरकुरत होत्या. मी नोकरीला लागले, लग्न झालं, मूल झालं. माझ्या ओळखीच्या माणसांत, हातातली एकमेव मानाची गोष्ट उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवणारा आणि वर तिचा कलंकही स्वतः घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. हे मी कुणाजवळ बोलू शकत नव्हते. बोलायचं तर स्वतःपासून सुरुवात करावी लागली असती.

बाबा गेले तेव्हा काका आले. पायाशी उभे राहिले, हार घातला आणि लगेच निघाले.

गेल्या महिन्यात मी दादरला गेले. काका आता फार थकलेत, दिवसभर स्वयंपाकघरातच खुर्ची टाकून बसतात. काकू म्हणते, घड्याळाच्या सोबतीला. मी स्टुलावर बसले आणि सांगून टाकलं. बाटलीपासून मनगटापर्यंत. मधे ठोके पडले, ते संपेपर्यंत थांबले आणि पुढे सांगितलं. मला वाटत होतं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

काका ओट्याकडे बघत होते. म्हणाले, "त्याला खोटं बोलता यायचं नाही गं. शाळेत मास्तरांपुढे तोंड उघडायच्या आधी कान लाल व्हायचे त्याचे. दरवेळी मार खायचा." मग थांबून म्हणाले, "त्या दिवशी मी कान बघायला हवे होते. मी घड्याळाकडे बघत बसलो."

"मी मागे होते, काका," मी म्हणाले. "लाल झाले होते."